कोरड्या जमिनीतले साहेब

पाणथळीत बांधकामाच्या डेब्रिजचा भराव पडू लागला आणि चिखलातले खेकडे, चिंबोऱ्या, विकून पोट भरणाऱ्या पोशीबाईची टोपली निम्मी रिकामी यायला लागली. त्यात उरलेली जागाही भरावाला द्यायला मोजणीसाहेब आले. काठावर उभं राहूनच त्यांनी कागदावर लिहिलं, ‘कोरडी, पडीक जमीन.’

“कोरडी आहे, तर त्या खुंटापर्यंत चालून दाखवा की,” चिखलावर टाकायची फळी काखेत धरून पोशीबाई म्हणाली.

साहेब ऐटीत उतरले आणि चौथ्या पावलाला कमरेपर्यंत रुतले.

“बाई, तुमची ती चिखलावरची फळी टाका, बुडतोय मी.”

“कोरड्या जमिनीत कुणी बुडतं का साहेब? तुम्ही मुळात बुटकेच असाल.”

आणखी वीतभर खाली गेल्यावर साहेबांनी खोडून लिहिलं, ‘पाणथळ.’

मग तिनं फळी टाकली. बूट मात्र चिंबोऱ्यांनी ठेवून घेतले.