पायपोळीचा कातळ

चपला पायातच राहू द्या. जागा देवाची मानतो आम्ही, तरी बाहेरच्या माणसाला इथे अनवाणी चढू देत नाही. वेशीला लागून हा काळा खडक दिसतोय ना, त्याला पायपोळीचा कातळ म्हणतात. मधोमध दोन खळगे आहेत, माणसाच्या पावलांएवढे. आणि येताना खिंडीत दगडी चौकट लागली असेल तुम्हाला. चौकट आहे, दार नाही. खिंडीच्या पलीकडे झरेवाडी, अलीकडे हे आमचं मुरमाड. मी इथला गुरव. माझ्या आजोबांकडून जसं ऐकलं, तसंच सांगतो.

पूर्वी म्हणे दोन्ही गावांचा उन्हाळा सारखाच असायचा. दुपार कलली की समुद्रावरचा वारा खिंडीतून इकडे उतरायचा आणि मुरमाडची माणसं अंगणात येऊन बसायची. दोन्ही गावांत सोयरिकी होत्या. झरेवाडीचा पाटील राघोजी, त्याची धाकटी बहीण ठकूबाई इथे नांदायला आली होती.

मग एका वर्षी वारा खिंड ओलांडेनासा झाला. का, ते कोणी सांगत नाही. पलीकडेच तो डोंगराला अडायचा, तिथेच त्याचं धुकं व्हायचं, आणि इकडे झाडाचं पान हलायचं नाही. पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्या पुढच्या वर्षी तर चैत्रातच विहिरींचे तळ दिसले. पाखरं बसल्या फांदीवरून खाली पडू लागली, असं सांगतात. माणसं ती उचलून तळहातावर घ्यायची आणि नुसती बघत राहायची. असं काही होऊ शकतं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

झरेवाडीचा त्या काळी एक दंडक होता. मृग लागेपर्यंत बाहेरच्यांना त्यांचं रान बंद आणि झराही बंद. खिंडीतल्या चौकटीला सागवानी दार होतं, दारावर राखणदार असायचे. ठकूबाईने भावाला निरोप धाडला, की आमची म्हातारी माणसं, पोरं आणि गुरं पाऊस पडेपर्यंत तुमच्या रानात राहू दे. निरोप्या पोचला तेव्हा तिकडे सकाळचं धुकं होतं आणि राघोजी घोंगडी पांघरून ओट्यावर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ऊन आम्हालाही आहे. सूर्य काय दोन आहेत? ठकूला लहानपणापासून वाढवून सांगायची सवय."

मनाचा वाईट नव्हता तो. त्याला खरंच पटलं नाही.

ठकूबाईने दुसरा निरोप धाडला नाही. ती स्वतःच घाट चढून गेली. राखणदारांनी दार उघडलं नाही, तेव्हा तिथेच बसून राहिली. शेवटी राघोजीला बोलावणं गेलं. तो आला, तशी ती फळ्यांच्या फटीतून म्हणाली, "दादा, आम्हाला आत घेऊ नकोस. तूच बाहेर ये. एकदा आमच्या घरापर्यंत चल, मग तू म्हणशील ते."

बहिणीचं मन मोडवेना, म्हणून तो निघाला. खिंडीखालचं वळण उतरताच भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ अंगावर आली. राघोजीने घोंगडी काढून हातात घेतली.  गावात पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गल्लीत माणूस नव्हतं, आणि परका दिसूनही कुत्री भुंकली नाहीत.

ठकूबाईची सासू सोनाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. सकाळी निघताना ठकूबाईने ओलं फडकं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. राघोजीने हात जोडले. "राम राम, मावशी."

सोनाई बोलली नाही. त्याला वाटलं, म्हातारी रागावली आहे. तो खाली मान घालून तिच्यासमोर बसला. "तुमचा राग बरोबर आहे, मावशी. पण आम्हाला कळलंच नाही हो." असं तो किती वेळ बोलत राहिला. ठकूबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. फडकं भिजवायला तिने हात घातला, तर ते वाळून लाकडासारखं कडक झालेलं. तिच्या धक्क्याने सोनाईचा हात मांडीवरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला.

आपण कोणाशी बोलत होतो, ते राघोजीला तेव्हा कळलं.

तो उठला, चालत या कातळापाशी आला, वहाणा काढल्या आणि वर चढून उभा राहिला. लोकांनी ओढलं, विनवण्या केल्या. ठकूबाई पाया पडली. तो हलेना. पायांची कातडी निघाली तरी उन्हं उतरेपर्यंत उभाच होता. एवढंच म्हणाला म्हणे, "मी घोंगडी पांघरून बसलो होतो."

त्याच संध्याकाळी खिंडीतलं दार उतरवलं. ते सागवान सोनाईच्या सरणाला लागलं. आणि राघोजीने शपथ घेतली, की दर वैशाखात झरेवाडीचा प्रमुख आधी या कातळावर अनवाणी उभा राहील आणि मगच रानाचा निर्णय करील. खळगे त्याच्याच पावलांचे, असं सांगतात.

आजही वैशाखात झरेवाडीची माणसं इथे येतात, चपला काढतात आणि उभी राहतात. आमच्या बायका त्यांच्या तळव्यांना लोणी लावतात. मग आमची गुरं पलीकडे जातात.

गेल्या वैशाखात त्यांचे सरपंच विठोजी कातळावर उभे राहिले, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही. उतरल्यावर मी विचारलं, "पाय भाजले नाहीत का?"

ते म्हणाले, "गुरवकाका, सवय झाली. आमच्याकडे धुकं येईनासं झालंय. झरा फाल्गुनातच आटला. गुरं आणून काय करणार तुम्ही?"

आमच्या पंचांना खरं वाटेना. झरेवाडीत आणि असलं ऊन? तेव्हा सोनाईच्या घराण्यातली थोरली सून, यमुनाबाई, उठून उभी राहिली. म्हणाली, "तिकडे जाऊन बघू या."

आम्ही सगळे तसेच वर चढलो. चौकटीत पाऊल टाकलं की तोंडावर गार वारा यायचा, जन्मभराचा अनुभव. त्या दिवशी आली ती झळच. पुढचा माणूस जागीच थांबला आणि मागचे त्याच्यावर आदळले. पलीकडे झऱ्याच्या कोरड्या पात्रात एक पांढुरका खडक आहे. यमुनाबाईने चपला काढल्या आणि त्यावर चढली. मग आम्हीही एकेक करून चढलो. झरेवाडीच्या बायका लोणी घेऊन धावल्या.

या वैशाखापासून ते इकडे येतात आणि आम्हीही तिकडे जातो. गुरं कुठे न्यायची, ते मात्र दोन्ही गावांना अजून सुचलेलं नाही.