आवडाची रांगोळी

एक होता राजा, पण गोष्ट त्याची नाही बरं का. गोष्ट आहे त्याच्या मागच्या अंगणात सडा घालणाऱ्या आवडाची.

आवडा रोज सकाळी अंगण सारवायची आणि त्यावर रांगोळी काढायची. अशी काढायची, की बघत राहावं. पण बघतंय कोण? दासी घागरी घेऊन तिच्यावरून जायच्या, गडी लाकडं ओढत न्यायचे. दुपारपर्यंत सगळी पुसून जायची.

एकदा काय झालं, राजाने आपल्या चिताऱ्याला महालाच्या तीन भिंती रंगवायला सांगितल्या. आणि त्या चित्रं काढणाऱ्याला काही सुचेचना. मग तो आपला गच्चीत जाऊन बसला. तिथून मागचं अंगण दिसायचं. पहिल्या दिवशी त्याने आवडाची कमळं उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी मोर. तिसऱ्या दिवशी वेल. मग काय, राजा खूश. चिताऱ्याला शाल मिळाली, सोन्याचं कडं मिळालं.

मग एका सकाळी राणी मागच्या अंगणात आली. बघते तर भिंतीवरचीच वेल आवडाने पुन्हा जमिनीवर काढलेली.

तिने राजाला आणि चिताऱ्याला बोलावून घेतलं. चितारी म्हणाला, "ही बाई माझी चित्रं चोरते."

राजा रागावला. "उद्यापासून हिने रांगोळीला हात लावायचा नाही."

आवडाला वाटलं, रांगोळी नाही, तर सकाळी उठायचं तरी कशाला? पण पुरावा कुठून आणणार? त्याची चित्रं भिंतीवर जशीच्या तशी, हिची रोजची पुसलेली.

ती म्हणाली, "महाराज, मी महालात कधी पाऊल टाकलेलं नाही. काय चोरलं ते बघू तरी द्या."

मग तिला आत नेलं. पहिल्या भिंतीशी तिला रडू आलं. दुसरीशी आणखी आलं. तिसरीशी गेली आणि पदराआड खुदकन हसली.

"महाराज, वेलीवर ही तीन बोटांची खूण कसली, ते यांना विचारा."

चितारी ऐटीत म्हणाला, "गूढ चिन्ह आहे ते. तुम्हा लोकांना नाही कळायचं."

"मी ही वेल काढली त्या दिवशी खुराड्यातली तांबडी कोंबडी सुटली होती," आवडा म्हणाली. "माझ्या रांगोळीवरून पळाली. तिचा पाय आहे तो."

मग राणीने ती कोंबडीच मागवली. तिचा पाय भिंतीवर टेकवून पाहिला, तर अगदी बरोब्बर बसला. राजा इतका हसला की त्याचा फेटा सुटला. चिताऱ्याने खाली मान घालून सगळं कबूल केलं. आवडाचा जीव भांड्यात पडला.

राजा म्हणाला, "या भिंती आता तुझ्या. हव्या तशा रंगव."

"भिंत नको, महाराज. अंगणातली पुसली तर पुसू दे, उद्या दुसरी काढीन. पण कोणाची म्हणून विचारलं, तर माझं नाव सांगा."

मग राजाने तसं करायला लावलं, आणि तेही कोणाला? चिताऱ्यालाच. पाहुणे आले की तो भिंतीपाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "ही आवडाबाईंची." पहिल्यांदा पुटपुटला, मग मोठ्याने म्हणायला लागला.

त्या रात्री आवडा निवांत झोपली. राजाराणी झोपले, कोंबडीसुद्धा झोपली. ओढा बघू पांघरूण, आणि आता तुम्हीही झोपा.