बिनखळग्याचं जातं

"राजाच्या हुकमाला ‘का’ विचारायचं नाही!"

पाथरवट आळीत पोर बोलू लागलं की आधी हेच शिकवत. म्हाळसाला रोज शिकवत, कारण ती रोज विसरे.

राजाला कशातच खोट खपत नसे. वाकडं झाड तोडा, तोतऱ्या भाटाला हाकला! आता त्याने म्हाळसाच्या बापाला, धोंडजीला फर्मावलं, "मुदपाकखान्यासाठी जातं घडव. वरची नि खालची, दोन्ही तळ्या आरशासारख्या! एक खळगा दिसला, तर उजवा अंगठा छाटीन!"

धोंडजी घरी येऊन कपाळ धरून बसला. "टाकीचे घाव नसले तर जातं दळणार कसं?"

"हे तिथेच का नाही बोललात, दादा?"

"गप गं!" आळीचे म्होरके आबा कडाडले. "आणि दरबारात येशील तर गालावरचा व्रण झाक!" लहानपणी दगडाची कपची उडून म्हाळसाच्या गालावर खूण राहिली होती.

"राजाला गुळगुळीत हवंय ना? देऊ की!" म्हाळसा म्हणाली.

सात दिवस बापलेकीने वाळू-पाण्याने दगड घासला. आठव्या दिवशी दरबारात राजाने तळीत स्वतःच्या मिशा पाहिल्या. "वा! एक खोट नाही!"

"मग महाराज, आजची भाकरी ह्याच जात्याची!" म्हाळसा म्हणाली.

दासी दळायला बसली. दुपारी राजाच्या ताटात ज्वारी आली. अख्खी!

"हे काय?"

"निर्दोष जात्याचं निर्दोष पीठ, महाराज! एकाही दाण्याला ओरखडा नाही. तपासून घ्या!"

राजाने दाणे चावून पाहिले. दाढ ठणकली. पोटात कावळे ओरडू लागले.

"धोंडजी, टाकी लाव!"

"खळगे पडतील, महाराज," म्हाळसा म्हणाली. "अंगठा जाईल दादांचा!"

"पडू देत! अंगठा राहू दे, पण मला भाकरी दे!" राजा म्हणाला आणि स्वतःच खो खो हसत सुटला.

टाक टाक टाक! जात्याला दात आले, पीठ पडलं, भाकरी फुगली. एका बाजूने जरा करपलीसुद्धा. राजाने तशा चार खाल्ल्या. "पोरी, चांदीची टाकी देतो तुला!"

"चांदीची दगडावर वाकते, महाराज. पोलादाची द्या."

"पोलादाची घे, आणि वर दगडाची खाणही घे!"

इतक्यात सोबत आलेले आबा मागून कुजबुजले, "अगं, आता तरी तो गाल झाक!"

म्हाळसा सगळ्यांसमोर वळली. "नाही झाकणार. का झाकू?"

आबांनी धोंडजीकडे पाहिलं, धोंडजीने जात्याकडे. राजाने पाचवी भाकरी मोडली. "सांगा की आबा, मीही ऐकतोय!"