मग हा दावा कसला?

"पोलिसांनी आरोपपत्रच दाखल केलं नाही, माई. मग हा दावा कसला?"

नदीकाठच्या मठाच्या प्रमुख सोनामाई शेंगा सोलत बसल्या होत्या. समोर नीलकंठराव, कायद्याचे निवृत्त प्राध्यापक आणि मठाचे विश्वस्त.

मठात गाणं शिकवणाऱ्या हेमंतबुवांवर सुलभा नावाच्या शिष्येनं अत्याचाराचा आरोप केला होता. पुरावा अपुरा म्हणून पोलिसांनी तपास बंद केला. आता तिनं भरपाईसाठी दिवाणी दावा लावला होता.

"तुम्ही एक शब्द टाका. ती दावा मागे घेईल. सोमवारपासून बुवांचा वर्ग पुन्हा सुरू करू."

"पोलिसांनी तिला खोटी म्हटलं?"

"तसं नाही... पुरावा अपुरा म्हणाले."

"म्हणजे काय? जन्मभर कायदा शिकवलात. मलाही शिकवा की. का फी नाही म्हणून अर्धंच सांगता?"

नीलकंठराव घुटमळले.

"फौजदारीत माणूस तुरुंगात जातो. म्हणून रास्त शंकेला जागा उरता कामा नये. खोलीत दोघंच होती, तिसरं कुणी नाही..."

"आणि दिवाणीत?"

"तिथं कुणाचं म्हणणं अधिक खरं वाटतं, एवढं पाहतात."

"फौजदारी खटला कुणाचा?"

"सरकारचा. ती त्यात साक्षीदार."

"आणि हा?"

"हा... तिचा स्वतःचा."

"म्हणजे सरकारनं आपलं पाहिलं. तिचं अजून कुणी ऐकलंच नाही म्हणा."

नीलकंठरावांनी कपाळ पुसलं.

"पण बुवा निर्दोष असले तर, माई?"

"असतीलही."

"त्यांना इथं मीच आणलं. मी त्यांना चांगला ओळखतो... म्हणजे, ओळखतो असं वाटतं. झोप लागत नाही हो. तुम्हीच सांगा, मी काय धरून चालू?"

माईंनी पुढची शेंग सोलायला घेतली.

तेवढ्यात नदीवर गेलेली नीलकंठरावांची नात, तेजल, पायऱ्या चढून वर आली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. आजोबांना बिलगून बसली.

मागोमाग हेमंतबुवा आले. माईंना वाकून नमस्कार केला आणि तेजलकडे पाहून हसले.

"गाणं शिकायचंय म्हणे तुला? चल, माडीवर तंबोरा लावून ठेवलाय. आवाज तर बघू."

तेजल उठली.

नीलकंठरावांनी तिचं मनगट धरलं.

"आज नको, बुवा. तिचा घसा बसलाय."

"काहीतरीच काय आजोबा! चांगला आहे माझा घसा."

"सांगितलं ना, आज नको..."

बुवांचं हसू मावळलं. तेजलनं हात ओढून पाहिला. म्हाताऱ्या बोटांची पकड आणखी घट्ट झाली.

माईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"नीलकंठराव, पुरावा नाही ना? मग हात सोडा पोरीचा."