पडणाऱ्याचं तोंड

“तुझा सदरा कोणत्या रंगाचा होता?”

फकीर हुसेनशांनी डोळे मिटूनच विचारलं.

“तांबडा,” भिकाजी म्हणाला. “खांद्यावर उसवलेला.”

बोलून गेला आणि मनात सावध झाला. एवढ्याशा गोष्टीत बाबांना काय शोधायचंय?

भिकाजी नलावडे सरकारी मोजणीदार. तीस वर्षं रानोमाळ हद्दी मोजत हिंडलेला. बांधाचा दगड कुणी हातभर सरकवला, तर मूळ जागा कुठली होती हे तो नकाशा न उघडता सांगे. भांडण झालं की लोक म्हणत, भिकाजीला विचारा, तो विसरत नाही. या गोष्टीची त्याला घमेंडही होती. पण दर गुरुवारी गावाबाहेरच्या तकियात, फकिराच्या या झोपडीत, येऊन हुसेनशांच्या पायाशी बसायचा, त्याला आता सहा वर्षं झाली होती.

आज गुरुवार नव्हता.

थोरला भाऊ रंगनाथ मरणाच्या दारी होता. ‘भिकाला एकदा बोलवा’ म्हणून सारखा धोसरा लावला होता त्यानं. सकाळी त्याची मुलगी शेवंता निरोप घेऊन आली, तर भिकाजीनं तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. बाप गेल्यावर तो वेगळा झाला, तेव्हापासून भावाच्या घरात त्यानं पाय ठेवला नव्हता.

“पुन्हा सांग,” हुसेनशा म्हणाले.

“मी आठ वर्षांचा. विहिरीवर आम्ही दोघंच, तिसरं माणूस नाही. मी वाकून पारवे बघत होतो. दादा मागून आला, पाठीत त्याचा हात बसला... मी खाली. तोंड आ वासलेलं, डोळे पांढरे, सदरा वाऱ्यानं फुगलेला. आणि वर काठावर दादा. हसत.”

“स्वच्छ दिसतं?”

“आत्ता घडल्यागत.”

“किती जणांना सांगितलंस?”

“ज्यानं विचारलं त्याला. बायकोला, सोयऱ्याधायऱ्यांना, वाटणीच्या वेळी पंचांना. एका अक्षराचा फरक नाही, बाबा.”

हा प्रश्न भिकाजीला खटकला.

“शेवंता इथं आली होती?” त्यानं विचारलं.

“आली होती.”

असं तर! आपण दार लावलं, म्हणून त्यांनी बाबांना गाठलं.

“काय म्हणाली?”

“पाणी प्यायली. गार आहे म्हणाली. गेली.”

“एवढंच?”

“एवढंच.”

भिकाजीचा विश्वास बसला नाही. हुसेनशांनी डोळे उघडले, पुढं सरकले आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले.

“आत्ता तुझं तोंड कसं झालंय?”

“कसं म्हणजे?”

“रागीट? भ्यालेलं?”

“मला कसं दिसणार? बघताय तर तुम्ही.”

“हं...”

हुसेनशा मागं सरकले.

“मग विहिरीत पडताना तुझं तोंड कुणी पाहिलं?”

भिकाजीनं डोळे मिटले. तांबडा सदरा, आ वासलेलं तोंड, सगळं जिथल्या तिथं होतं... पण दिसत होतं ते काठावरून. पडणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायला गेला, तर तिथं काहीच नव्हतं. पाणी नाही, दगड नाही, दादाही नाही.



“म्हणजे दादानं ढकललंच नाही?”

“असं मी कुठं म्हटलं?”

“मग ढकललं?”

“मी तिथं नव्हतो.”

“मी तर होतो!”

“होतास...”

“तुम्ही त्यांच्या बाजूचे झालात, बाबा,” भिकाजी म्हणाला आणि ताडकन उठून चालू लागला.

पांदीच्या फाट्यावर मात्र त्याचे पाय अडले. डावीकडे घर, उजवीकडे भावाची वस्ती. टळटळीत उन्हात तो उभा राहिला. बापाचे शेवटचे शब्द, लग्नातला दादाशी झालेला वाद... एकेक आठवण तो काढून बघू लागला, आणि जिच्याकडे बघावं तीच संशयाची वाटू लागली. दुसऱ्याच्या साक्षीवर त्यानं जन्मभर शंका घेतली होती. स्वतःच्या साक्षीवर पहिल्यांदाच.

तो उजवीकडे वळला.

पंधरा दिवसांनी तकियात परत आला तेव्हा डोईवर केस नव्हते.

“दादा गेला,” तो म्हणाला.

हुसेनशांनी चटई त्याच्याकडे सरकवली.

“विचारलंस?”

“विचारलं. म्हणाला, तू घसरलास, मी मागोमाग उडी टाकली. म्हणाला, माझी उडी अजून डोळ्यांपुढं आहे. हात पसरलेले, पाय आखडलेले... त्यालाही स्वतःची उडी काठावरूनच दिसत होती, बाबा. आता खरं काय, कोण सांगणार?”

हुसेनशांनी पाण्याचं भांडं त्याच्यापुढं ठेवलं.

“भांडावं असं वाटलं होतं. पण नाही भांडलो. दोन दिवस उशाशी बसून राहिलो. त्याचा अंगठा माझ्या मनगटावर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकाएकी हलका झाला... शेवंता पेज घेऊन आली, तर मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली.”

“त्याचं तोंड दिसत होतं?”

“हो.”

“आणि तुझं?”

भिकाजीनं डोळे मिटून पाहिलं.

“नाही.”

“हे कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतोय.”

हुसेनशांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“आता दुसऱ्यांदा सांगू नकोस. सांगत गेलास, की हेही काठावरून दिसायला लागेल.”