राखण नसलेला हरभरा

एका जंगलाच्या कडेला, शेतांचे बांध जिथे सुरू होतात तिथे, एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. मुलांनो, त्या भागात बंदूकवाल्यांचा नुसता सुळसुळाट होता. वर्षभरात निम्मा कळप नाहीसा झाला होता. त्यात रानातले गवत वाळले. पाडस दिवसभर भुकेने कळवळे, आणि ते बघून हरिणीचे काळीज तुटे. मग संध्याकाळी ती त्याला जवळच्या हरभऱ्यात नेई. पण तिथे माळ्यावर एक म्हातारा राखणदार बसलेला असे. हिने चार घाटे तोडले न तोडले, तोच तो पत्र्याचा डबा बडवी आणि "हाड्! हाड्!" करून सारे शिवार डोक्यावर घेई.

"मेला जिवावर उठलाय आमच्या!" हरिणी वैतागून शेजारच्या सशाला म्हणाली. "त्यापेक्षा ओढ्यापलीकडचे शेत बघ. हरभरा कसा तरारलाय, कुंपणाला हे एवढे खिंडार, आणि ओरडायला कुणी नाही. उद्यापासून आम्ही तिकडेच जाणार."

सशाचा एक कान छऱ्यांनी फाटलेला होता. तो म्हणाला, "हरिणीताई, हरभऱ्याला राखण नाही, असे कधी झाले आहे का? ज्याला पिकाची पर्वा नाही, तो कशाची वाट बघत असेल?"

"तुझे आपले काहीतरीच! पान पडले तरी पळणारा तू," असे म्हणून हरिणीने त्याला उडवून लावले.

दुसऱ्या दिवशी मायलेकरे खिंडारातून आत शिरली. पाडस मिटक्या मारत खाऊ लागले. किती दिवसांनी त्याचे पोट भरत होते! हरिणीला अगदी धन्य वाटले. तिने सहज मान वर केली, तर एवढ्या मोठ्या शेतात एक पाखरूसुद्धा उतरलेले नव्हते. तिच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात बांधाआड बंदुकीची नळी हलली. हरिणीने पाडसाला डोक्याने ढुशी देऊन मागे लोटले आणि ती आडवी उभी राहिली. धाडकन आवाज झाला. गोळी तिच्या मांडीत घुसली.

कशीबशी ओढा ओलांडून दोघे करवंदीच्या जाळीत शिरली. पाडस थरथर कापत होते. त्याला चाटत हरिणी म्हणाली, "चुकले रे बाळा माझे. जो हाकलत होता, त्याला आपण फक्त शेताबाहेर हवे होतो. ज्याने हाकलले नाही, त्याला आपणच हवे होतो."

तिची जखम भरली, पण तो पाय तिला पुन्हा कधी धड टेकता आला नाही.

तात्पर्य : तोंडावर रागावणाऱ्याला फार भिऊ नये, मुकाट्याने वाट मोकळी ठेवणाऱ्यापासून मात्र सावध राहावे.