ऐका हो ऐका!

एक होता राजा. कान त्याला दोन होते, चांगले मोठे होते, पण वापरायची सवय नव्हती. राजवाड्यात काही ठरलं की येसबा दवंडीवाला डफ घेऊन तळेवाडीला जायचा. डफ बडवायचा आणि ओरडायचा, "ऐका हो ऐका!" मग लोक ऐकायचे. दुसरं काय करणार?

एकदा काय झालं, राजाला तळेवाडीचं तळं आवडलं. मग दवंडी आली, "ऐका हो ऐका! तळ्यात म्हशी उतरवायच्या नाहीत!" लोक गप्प बसले. प्रधानजी म्हणाले, "महाराज, कुणी नाही म्हणालं नाही. म्हणजे सगळ्यांना मान्य."

मग दुसरी दवंडी आली. तळ्यात मासे धरायचे नाहीत. चिमाक्का कोळीण जाळं गुंडाळून घरी बसली. लोक पुन्हा गप्प. म्हणजे पुन्हा मान्य, बरं का!

मग येसबा तिसऱ्यांदा आला. त्याने थाप मारली, तर डफ वाजेचना! मग त्याने हळूच सांगितलं, "उद्या बांध फोडायचाय. सगळं पाणी राजाच्या बागेला."

चिमाक्का घरातून धावत पुढे आली. तळं गेलं तर गाव पिणार काय? ती म्हणाली, "येसबादादा, नेहमी आमच्याकडंच तोंड करून वाजवतोस. जरा मागं फीर की!"

येसबा फिरला. डफाचं तोंड राजवाड्याकडे झालं आणि काय नवल! थाप नाही, काठी नाही, डफ आपोआप वाजू लागला. "ऐका हो ऐका!"

राजाने खिडक्या लावल्या. मग कानात कापूस घातला. मग उशीखाली डोकं खुपसलं. तर उशीतूनही तेच, "ऐका हो ऐका!" शेवटी राजा अनवाणीच तळ्यावर धावत आला. प्रधानजी मागून धापा टाकत. तेव्हा कुठे डफ थांबला.

प्रधानजी म्हणाले, "आता निर्णय झालाय बाई."

"झाला असेल. आम्हाला सोडून झाला," चिमाक्का म्हणाली. "महाराज, तुमच्या विहिरींना याच तळ्याचा पाझर आहे. बांध फोडलात तर बाग चार दिवस भिजेल. मग आम्हीही कोरडे आणि तुम्हीही."

राजा म्हणाला, "हे मला आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही नुसतं 'ऐका' म्हणालात. 'सांगा' कधी म्हणालात?"

राजाने मान खाली घातली. बांध राहिला. म्हशी पाण्यात उतरल्या, चिमाक्काचं जाळं पसरलं.

तेव्हापासून त्या राज्यात काही ठरवायचं असलं की येसबा आधी गावात येऊन ओरडतो, "सांगा हो सांगा!" लोक सांगतात, भांडतात, पुन्हा सांगतात. वेळ फार जातो. प्रधानजी जांभया देतात. पण तळं भरलेलं आहे, आणि राजा, चिमाक्का, म्हशी, सगळी सुखात आहेत.

मग पोरांनो, दिवा मालवू का? सांगा हो सांगा!

कुणीच बोलत नाही? अरे, गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे...

अगं बाई, झोपलीसुद्धा सगळी! मग मालवते हो.